कोरल मरतायत? बाटली उघडण्याआधी गेल्या दोन महिन्यांचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाचा ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८० लिटरचा रीफ टँक (कोरल, म्हणजे प्रवाळ वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) सव्वा वर्ष छान चालला होता. दोन महिन्यांपूर्वी दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं, म्हणून त्यांनी फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे रिॲक्टरमध्ये (पाणी दाण्यांमधून फिरवणाऱ्या नळकांड्यात) घातले आणि रोज व्हिनेगर द्यायला सुरुवात केली. शेवाळ गेलं. मग ॲक्रोपोरा (फांद्यांचा दगडी कोरल) बुडापासून पांढरा पडायला लागला. घाबरून त्यांनी दहा दिवसांत तीन वेळा ४० टक्के पाणी बदललं, तेही नेहमीचं मीठ दुकानात नव्हतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणून. 'कोरल फिके पडलेत, ताकद मिळू दे' म्हणून एलईडी ६० वरून ८० टक्क्यांवर नेला. आता मॉन्टिपोरा (ताटलीसारखा कोरल) फिकट आहे, हॅमर (हातोड्यासारख्या टोकांचा कोरल) आत ओढून बसलाय, त्याच्या एका डोक्यावर तपकिरी बुळबुळीत काहीतरी आलंय, झोॲन्थिड (दगडावर पसरणारे मऊ, फुलांसारखे कोरल) उघडत नाहीत. मासे, गोगलगायी, कोळंबी मात्र ठणठणीत. मापं अशी: क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी (कोरल ज्यातून सांगाडा बांधतं तो पाण्यातला कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात) ११.१ डीकेएच (आधी वर्षभर ८ च्या आसपास), कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १२९०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००. विचारलंय की कोणतं औषध घालू, आणि सगळंच पाणी बदलून टाकू का. शेवटी पुण्यातल्या भावाबद्दल एक प्रश्न आहे, त्याकडे शेवटी येतो.

औषध कुठलंही घालू नका. सगळं पाणी तर अजिबात बदलू नका. मी इथे टेक्सासात लोकांच्या घरचे रीफ टँक सांभाळतो, आणि अशा वेळी येणाऱ्या बहुतेक फोनमागे हीच कथा असते. कोरल आज मरताना दिसतं, पण त्याला लागलेला धक्का दोन-चार आठवड्यांमागचा असतो. मधल्या काळात माणूस घाबरून आणखी चार गोष्टी बदलतो, आणि मग मूळ कारण कुठलं, नंतरचा उपद्व्याप कुठला, हे कळेनासं होतं. तुमच्या बाबतीत सुदैवाने कळतंय, कारण तुम्ही सगळं तारीखवार लिहून ठेवलंत.

पण आधी आज रात्रीचं काम. हॅमरच्या डोक्यावरचं ते तपकिरी बुळबुळीत म्हणजे ब्राउन जेली. कुजणारं मांस, जिवाणू आणि ते मांस खाणारे सूक्ष्म जीव यांचा तो लगदा असतो. फांदीवाल्या हॅमरमध्ये तो एका डोक्यावरून शेजारच्या डोक्यावर एका रात्रीत जाऊ शकतो. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. सगळे पॉवरहेड (टँकमध्ये प्रवाह देणारे पंप) आणि रिटर्न पंप बंद करा. बारीक नळी त्या डोक्याच्या अगदी जवळ धरून लगदा ओढून बादलीत घ्या. टर्की बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) फुंकून उडवू नका, नाहीतर तो टँकभर पसरेल. मग कोरल बाहेर काढा आणि ते डोकं फांदीच्या सांगाड्यातून कापून टाका. कात्री जिवंत मांसाच्या बरीच खाली, नुसत्या सांगाड्यावर चालली पाहिजे. उरलेल्या डोक्यांना टँकमधल्याच पाण्यात आयोडीनचा डिप द्या, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून ठेवा, बाटलीवर लिहिलंय त्याच प्रमाणात आणि तेवढाच वेळ. 'अजून थोडं घातलं तर लवकर बरं होईल' हा विचार इथे घातक आहे. परत ठेवताना मध्यम, थोडा डोलवणारा प्रवाह मिळेल अशी जागा निवडा. प्रवाह थेट अंगावर आला तर सांगाड्याच्या धारेवर मांस फाटतं, आणि ब्राउन जेली बहुतेक वेळा फाटलेल्या जागीच सुरू होते. अँटिबायोटिक मुख्य टँकमध्ये कधीही घालू नका. टँकचं गाळणयंत्र म्हणजे दगडातले जिवाणू, आणि औषधाला चांगला-वाईट जिवाणू ओळखता येत नाही.

हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच हे करा. तुमच्याकडे झोॲन्थिड आहेत. त्यांच्यात, आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये तर फारच, पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. झोॲन्थिड चिकटलेला दगड गरम पाण्याने घासून किंवा उकळून साफ करायचा प्रयत्न केल्याने वाफेतून विषबाधा होऊन घरातली माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना इथे अमेरिकेत नोंदलेल्या आहेत. उघडत नाहीत म्हणून त्यांना खरवडत बसू नका.

आता मूळ प्रश्न. मरणारा कोरल पाहिला की मी आधी टेस्ट किटकडे जात नाही, टँकसमोर बसतो. कोण आधी पडलं, कुठून पडायला लागलं, किती वेगाने, आणि कोणाला काहीच झालं नाही, यातून निम्मं निदान होतं. सगळे कोरल, मऊ-कडक सगळे, एका दिवसात कोसळले तर तापमान, क्षारता किंवा विष. गोगलगायी आणि कोळंबी आधी गेली तर तांब्याचा संशय. फक्त वरच्या बाजूचे, दिव्याच्या थेट खालचे फिके पडले तर प्रकाश. एकाच जातीचे गेले, बाकी मजेत, तर कीड किंवा रोग. एकाच कोपऱ्यातले गेले तर शेजाऱ्याची नांगी किंवा प्रवाह. तुमच्याकडे आधी ॲक्रोपोरा पडला, तो बुडापासून आणि सावकाश, आणि शंख-कोळंबीला काही झालं नाही. ही चाल उपासमार आणि अल्कलिनिटीच्या उडीची आहे.

उपासमार का म्हणतो ते सांगतो. कोरलच्या मांसात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. पण त्या शैवालाला आणि कोरललाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. खऱ्या रीफवर पाण्यात ही दोन्ही अगदी कमी असतात हे खरं, पण तिथे रात्रंदिवस प्लवक वाहून येत असतं, मासे शेकड्यांनी असतात, कोरलला तोंडात घास मिळत असतो. आपल्या टँकमध्ये ते प्लवक नसतं, आणि पाण्यातलंही आपण शून्यावर आणलं तर त्याने खायचं काय? लोहाचे दाणे फॉस्फेट ओढत होते, व्हिनेगरवर वाढणारे जिवाणू नायट्रेट आणि उरलेलं फॉस्फेट ओढत होते. दोन्ही उपाय वेगवेगळे चांगले आहेत. एकाच वेळी पूर्ण जोरात लावले की दीड महिन्यात टँकमधलं अन्न संपतं, आणि तुमच्याकडे संपलं.

त्यावर आली अल्कलिनिटी. तुमच्या नव्या मिठाच्या डब्यावर १२ डीकेएच लिहिलंय असं तुम्ही कळवलंत. मग हिशेब बघा. ८ वर असलेल्या टँकमध्ये ४० टक्के पाणी १२ चं घातलं की ९.६ होतं. परत तेच केलं की १०.५६. तिसऱ्यांदा ११.१४. तुमचं मोजमाप ११.१ आहे. टेस्ट किटने बरोबर सांगितलं, आणि ही उडी कुठून आली हे शोधायची गरजच नाही. समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. टँकमध्ये ७ पासून ११ पर्यंत कुठेही चांगले कोरल वाढलेले मी पाहिलेत, त्यामुळे ११ हा आकडा स्वतः वाईट नाही. दहा दिवसांत ३ ने वर जाणं वाईट, आणि अन्न शून्य असताना तर फारच. अल्कलिनिटी वाढली की कोरलवर सांगाडा बांधायचा रेटा वाढतो, पण त्या सांगाड्यावर पसरायला मांस तयार व्हायला अन्न लागतं. दारात विटांचा ढीग येऊन पडावा आणि गवंडी उपाशी असावा, तशी ॲक्रोपोराची गत होते. टोकं जळल्यासारखी पांढरी होतात, बुडाकडचं सावलीतलं मांस आधी सुटायला लागतं.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. तुमचा डोसिंग पंप (रोज ठरलेलं द्रावण आपोआप टाकणारा) अजून जुन्या हिशेबाने अल्कलिनिटी आणि कॅल्शियम टाकतोय. पण कोरल आजारी पडले की सांगाडा बांधणं थांबतं, वापर घटतो, आणि पंप टाकतच राहतो. म्हणजे पाणी न बदलताही आकडा वर चढत जाईल. पंप आज बंद करा. रोज एकाच वेळी, शक्यतो दिवे लागायच्या आधी, अल्कलिनिटी मोजा आणि लिहा. ती आपोआप खाली येईल, हळूहळू. आम्ल घालून ती ओढून खाली आणायचा मोह होईल, तो आवरा. दिवसाला ०.२–०.३ ने उतरली तर उत्तम. साडेआठच्या आसपास आली की पंप अर्ध्या डोसवर सुरू करा, आणि पुढे मोजमाप सांगेल तसं वाढवा. कॅल्शियमची काळजी आत्ता करू नका. सांगाडा बांधताना २.८ डीकेएच अल्कलिनिटीमागे कॅल्शियम जेमतेम २० पीपीएम (दशलक्षांश भाग) खर्च होतं, त्यामुळे ४४० वरून ते आठवड्या-दोन आठवड्यांत कुठे पळत नाही. मॅग्नेशियम १२९० म्हणजे समुद्राइतकंच आहे.

किटवर शंका असेल तर घरच्या घरी तपासता येतं, आणि ही युक्ती मी सगळ्यांना सांगतो. १० लिटर आरओ-डीआय (गाळून पूर्ण शुद्ध केलेल्या) पाण्यात ३ ग्रॅम साधा खाण्याचा सोडा विरघळवा. सोडा खाण्याचाच, धुण्याचा नाही, आणि बेकिंग पावडरही नाही. ते पाणी १० डीकेएचचं झालं. थेंब मोजायच्या किटने ते तपासा. १० च्या आसपास आलं तर किट चांगलं. ८.५ किंवा १२ आलं तर किट जुनं झालंय किंवा तुमची सिरिंज चुकतेय. यासाठी ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो, आणि तो काटा रीफवाल्या प्रत्येक घरात असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. याच हिशेबाने १०० लिटर टँकच्या पाण्यात ३ ग्रॅम सोडा गेला की अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढते. पुढे कधी आकडा खाली घसरला तर हे उपयोगी पडेल.

फॉस्फेटचंही बघून घ्या. तुमच्याकडचा हॅना कंपनीचा छोटा मीटर जर अतिसूक्ष्म फॉस्फरस मोजणारा असेल, तर त्यावरचा आकडा फॉस्फरसचा असतो, तोही अब्जांश भागात. त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. मीटरने १६ दाखवलं तर फॉस्फेट साधारण ०.०५, म्हणजे आपल्याला हवं तेवढं. हे न कळल्याने '१६ म्हणजे केवढं जास्त!' म्हणून दाणे घालणारे लोक आहेत. पण तुम्ही ०.०० लिहिलंय, तेव्हा ते शून्यच धरून चालू.

आता अन्न परत आणायचं. दाण्यांचा रिॲक्टर आज काढा. व्हिनेगर मात्र एका झटक्यात बंद करू नका. त्यावर वाढलेले जिवाणू एकदम मेले तर पाणी गढूळ होतं. आज अर्धं करा, तीन-चार दिवसांनी पाव, आठवड्याने बंद. माशांना दिवसातून दोन-तीन वेळा पोटभर खाऊ घाला, गोठवलेलं अन्न धुऊन न घेता तसंच द्या. मासे खातील, शी करतील, आणि कोरलसाठी याहून चांगलं खत नाही. आठवड्याने नायट्रेट तरीही शून्य असेल तर शुद्ध सोडियम नायट्रेट घ्या. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टँकमध्ये संपसकट (खालच्या जोडटाकीसकट) २५० लिटर पाणी धरलं, तर ०.७ ग्रॅमने नायट्रेट २ पीपीएमने वाढतं. ते विरघळवून दोन दिवसांत विभागून द्या. ५ पीपीएमच्या आसपास थांबा. फॉस्फेटसाठी मात्र घरी पावडर मोजायच्या फंदात पडू नका. २५० लिटरला ०.०२ पीपीएम वाढवायला अख्खं ५ मिलिग्रॅम फॉस्फेट लागतं, ते कुठल्या काट्यावर तोलणार? तयार पातळ द्रावण मिळतं, ते घ्या. पहिले काही दिवस तुम्ही द्याल आणि दुसऱ्या दिवशी मीटर परत शून्य दाखवेल, कारण उपाशी दगड ते ओढून घेतात. धीर सोडू नका आणि डोस दुप्पटही करू नका. ०.०३ ते ०.०८ मध्ये कुठेतरी स्थिरावलं की झालं.

थोडं शेवाळ परत येईल. येऊ दे. काचेवर तीन-चार दिवसांनी हिरवा थर येणं ही चांगल्या रीफची खूण आहे. त्यासाठी हात, ब्रश आणि गोगलगायी आहेत. मात्र वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा आल्या, टोकांना बुडबुडे धरून लोंबायला लागल्या आणि रात्री दिवे गेल्यावर कमी झाल्या, तर ते शेवाळ नसून डायनोफ्लॅजेलेट असतात, आणि ते नेमके अशा शून्यावर आलेल्या टँकमध्ये येतात. तसं झालं तर अन्न परत कमी करायचा मोह धरू नका. आधी स्वस्तातल्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघा आणि मला फोटो पाठवा.

दिवा. एलईडी आजच ६० वर परत आणा, आणि शक्य असेल तर दोन आठवडे ५० वर ठेवा. फिका पडलेला कोरल म्हणजे झूझँथेली हरवलेला किंवा त्यांचा रंग उडालेला कोरल. त्यांच्या रंगद्रव्याने जो प्रकाश शोषला जायचा तो आता मांसातून आरपार जाऊन पांढऱ्या सांगाड्यावर आपटून परत मांसात येतो. उरलेल्या शैवालावर प्रकाशाचा मारा वाढतो, त्यातून घातक ऑक्सिजन तयार होतो आणि कोरल तेही शैवाल बाहेर टाकतो. तेव्हा फिका पडला की सावली द्यायची, ऊन नाही. समुद्रातही हेच घडतं. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडा कीजचं पाणी इतकं तापलं की तिथल्या रोपवाटिकांमधले कोरल काढून जमिनीवरच्या थंड, नियंत्रित टाक्यांमध्ये आणावे लागले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये नोआने (अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेने) जगभरात चौथं मोठं ब्लीचिंग (कोरल पांढरे पडणं) सुरू असल्याचं जाहीर केलं. तिथेही ब्लीच झालेला कोरल म्हणजे मेलेला कोरल नसतो. ताण वेळेत उतरला तर शैवाल परत वस्तीला येतं.

मेलाय की फिकाय हे ओळखायला शिकून घ्या, कारण यावर पुढचे निर्णय आहेत. दिवे गेल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची बॅटरी घेऊन बसा. जिवंत पण फिक्या मॉन्टिपोरावर काचेसारखा पातळ, ओलसर थर दिसतो आणि छोटे पॉलिप बाहेर आलेले असतात. मेलेल्या भागावर पृष्ठभाग कोरडा, खडूसारखा दिसतो, खळगे रिकामे असतात, आणि चार-पाच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी साय धरते. जिवंत मांसावर ती साय धरत नाही.

आता ॲक्रोपोरा. पांढऱ्या आणि रंगीत भागातली रेघ बारकाईने पाहा. ती सरळ, स्वच्छ असेल आणि दिवसाला काही मिलिमीटर वर चढत असेल, तर मी म्हणतोय ते कारण पक्कं धरा. पण ती वेडीवाकडी असेल, मांसावर गोल फिकट चट्टे असतील, तर टर्की बास्टरने फांद्यांच्या मधे जोरात पाणी मारा आणि खाली पांढरं वाडगं धरा. कोरलच्याच रंगाचे चपटे, लंबगोल, पाण्यात आक्रसणारे जीव पडले तर ते ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी. बुडाजवळ, मेलेल्या सांगाड्यावर त्यांच्या बदामी रंगाच्या अंड्यांचे पुंजके चिकटलेले दिसतील. मॉन्टिपोराची ताटली उलटी करून कडेचा खालचा भाग बघा. तिथे दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे, झालरवाले न्युडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) दडून बसतात आणि कडेपासून खात येतात. झोॲन्थिडचे न्युडिब्रँक तर ज्या झोॲन्थिडला खातात त्याचाच रंग घेतात, म्हणून ते टॉर्चशिवाय सापडत नाहीत. कीड सापडलीच तर डिप द्यावे लागतील, तेही पुन्हा पुन्हा, आठवड्याच्या आत-बाहेर अंतराने, कारण डिपने किडा मरतो, अंडं मरत नाही. तुम्ही म्हणता त्यावरून कीड मला शक्य वाटत नाही, कारण सहा महिन्यांत तुम्ही नवा फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) आणलेला नाही. पण बघितल्याशिवाय सोडू नका.

रेघ चढतच राहिली तर ॲक्रोपोराच्या निरोगी फांद्या तोडून ठेवा. रेघेच्या किमान एक सेंटिमीटर वर, पूर्ण रंगीत भागातून बोन कटरने (हाडं कापायच्या कात्रीने) कापा, सायनोॲक्रिलेट जेलने (सुपरग्लूने) प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर चिकटवा, आणि टँकच्या मधल्या उंचीवर, चांगल्या प्रवाहात ठेवा. आई-वसाहत वाचेल या आशेवर थांबून सगळंच गमावलेले लोक मी फार पाहिलेत. फ्रॅग जगला तर वर्षभरात वसाहत परत उभी राहते. मॉन्टिपोराला आत्ता हात लावायची गरज नाही, तो चिवट आहे.

बाकीच्या शक्यता मी झटपट नाकारतो, पण एकदा तपासून घ्या. पॉवरहेडच्या आणि काच घासायच्या चुंबकाच्या प्लॅस्टिकला तडा गेलाय का, कुठे गंज दिसतोय का बघा. संपमध्ये धातूची पट्टी लावलेला पाइप असेल तर ती बदला. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारांश भागांच्या) प्रमाणित द्रावणाने ३५ वर जुळवा, गोड्या पाण्याने नाही. दुसरा थर्मामीटर लावा, कारण हीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवून टँक उकळलेले आहेत. तुमच्या आरओ-डीआयमधून येणारं पाणी टीडीएस मीटरवर शून्य दाखवत असेल तरी त्यातलं क्लोरामाइन मीटरला कळत नाही. तुमच्या गावाचा पाणीपुरवठा क्लोरामाइन वापरतो का हे त्यांच्या वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं, तो अहवाल प्रसिद्ध करणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. वापरत असतील तर कार्बन ब्लॉक त्यासाठीचा हवा आणि वेळेवर बदलायला हवा. आयसीपी चाचणीसाठी (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या प्रयोगशाळेकडे) पाण्याचा एक नमुना पाठवून द्या, त्यात धातू कळतील. मात्र निकाल येईपर्यंत वरची कामं थांबवू नका. सक्रिय कोळसा घाला, मूठभरच, धुऊन. मरणाऱ्या आणि चिडलेल्या कोरलांनी सोडलेली रसायनं तो ओढून घेतो, आणि तुमच्याकडचा मोठा लेदर कोरल (चामड्यासारखा मऊ कोरल) अशा काळात शेजाऱ्यांना बरंच काही सोडत असतो. पंधरा दिवसांनी तो बदला.

पाणी बदलणं आठवड्याला १० टक्क्यांवर आणा, त्याहून जास्त नाही. मीठ जुनंच, ८ च्या जवळपास अल्कलिनिटी देणारं मिळवा. नव्या मिठाचा डबा चांगलाच आहे, तो टँक स्थिर झाल्यावर थोडा-थोडा मिसळून संपवता येईल. आणि महिनाभर नवीन काही आणू नका: मासा नाही, कोरल नाही, 'अमिनो आम्लं' किंवा 'कोरल व्हिटामिन' लिहिलेली बाटली नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम दिसायला दोन आठवडे द्यायचे. एवढा एक नियम पाळला तर तुमच्या वहीतून पुढची दहा वर्षं निदान होत राहील.

सुधारणा कुठून दिसेल? सगळ्यात आधी हॅमर. तीन-चार दिवसांत दिवसा फुगायला लागेल, आधी अर्धवट, टोकांचे हातोडे न उघडता. मग झोॲन्थिड, एका कडेने. ॲक्रोपोराची रेघ जागच्या जागी थांबेल आणि दोन आठवड्यांनी तिथे मांसाची कड जाडसर, गोलसर होऊन सांगाड्यावर परत चढायला बघेल. ती कड दिसली की समजा जिंकलात. मॉन्टिपोराच्या ताटलीला कडेने नवी पांढरी किनार आली तर ती वाढीची असते, तिला बघून घाबरू नका. मरणाचा पांढरा मधून किंवा बुडाकडून येतो. रंग सगळ्यात शेवटी येतो, त्याला दोन-तीन महिनेही लागतात. याउलट दहा दिवसांत अल्कलिनिटी ९ च्या खाली येऊनही रेघ चढत असेल, तर वहीची पानं आणि रात्रीचे फोटो पाठवा, आपण कीड आणि धातू पुन्हा पहिल्यापासून बघू.

पुण्यातल्या भावाचं. दिवाळीला जाताना त्याला चार फ्रॅग नेऊन रीफ टँक लावून द्यायचा तुमचा विचार आहे. तो सोडून द्या. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी कोरल आहेत, शिवाय काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्री पंखेही आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत तिथे कोरल वाघाच्या रांगेत बसतं. शिवाय दगडी कोरल साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने इथून देशाबाहेर न्यायलाही परवाना लागतो. सामानात पिशवी घालून नेणं दोन्ही देशांत गुन्हा आहे. कोकणातून, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून उचललेला वाळलेला तुकडाही शोभेसाठी टँकमध्ये ठेवायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य आहे, तिथल्या पाण्याखाली स्वतःचे प्रवाळ आहेत. भावाला कोरल बघायचेच असतील तर तिथे परवानाधारकांबरोबर स्नॉर्कलिंगला पाठवा. घरात टँक हवाच असेल तर गोड्या पाण्यातला, वनस्पतींचा लावून द्या. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतल्या माशांसारखे बार्ब आणि डॅनिओ, पण पैदाशीतून आलेलेच, आणि वाढणाऱ्या हिरव्या वनस्पती. त्याला लागणारा वजनकाटा, टीडीएस मीटर आणि हिशेबाची वही तीच.